भाड्याच्या घरात कानबाई

परतल्यापासून दोन-तीन मैत्रिणींनी मला विचारले, की खानदेशात एकट्या बाईने चार-सहा दिवसांसाठी घर भाड्याने घ्यावे का. त्यांना फोनवर दिलेले उत्तर त्रोटक होते आणि थोडे चिडकेही. सविस्तर उत्तर इथे लिहिते आहे. चीड अजून गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी मूळची सांगलीची. पुण्यात एका प्रयोगशाळेत पिकांवरच्या विषाणूंचा अभ्यास करते. श्रावणाच्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या कोवळ्या केळीबागांवर एक रोग पडतो. पानांवर पिवळे पट्टे उठतात, पोंगा, म्हणजे मधले गुंडाळलेले कोवळे पान, सडतो आणि झाड उपटून टाकण्यावाचून इलाज उरत नाही. तिकडे त्याला ‘हरण्या’ म्हणतात. त्याची ताजी पाने गोळा करून पुण्यास आणायची, हे माझ्या प्रवासाचे कारण. पाने गोठवायची नव्हती. ओल्या कागदात गुंडाळून, गारव्यात, जिवंत आणायची होती. त्यामुळे मला मुख्यतः हवा होता तो एक चालू फ्रिज. लॉजवर खोली मिळते, फ्रिज मिळत नाही. म्हणून मी जळगावात एक आणि धुळ्यात एक असे दोन फ्लॅट ॲपवरून थोड्या दिवसांसाठी घेतले. दोन्हीकडे ‘संपूर्ण घर, स्वतंत्र प्रवेश’ असे लिहिलेले होते.

जळगाव

फ्लॅटमालक मुंबईत होता. त्याने कुलपाचा आकडा फोनवर पाठवला होता आणि कोणाला भेटायची गरज नाही असे कळवले होते. सोसायटीच्या वॉचमनचे मत वेगळे होते. त्याने मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले आणि ‘आबांना’ बोलावून आणले. आबा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त, स्वच्छ पांढरा सदरा, आवाज मऊ. त्यांनी माझ्या सामानाकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले.

“सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मागून येताहेत का?”

“कोणी येणार नाही, आबा. मी एकटीच आहे.”

“मिस्टर?”

“नाहीत.”

“मग वडील तरी सोडायला...?”

मी ओळखपत्र दिले, संस्थेचे पत्र दिले, भाडे भरल्याची पावती दाखवली. आबांनी पत्र शिक्क्यासकट वाचले आणि नीट घडी घालून परत केले. तिकडच्या अहिराणीत ‘बठ्ठं’ म्हणजे सगळे आणि ‘शे’ म्हणजे आहे. “हे बठ्ठं बरोबर शे, बेटा. पण तुझी जबाबदारी कोणाची?”

“माझी.”

आबा हसले. त्या हसण्यात दुष्टावा अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. “तशी नाही धरत. जबाबदारी दुसऱ्याची लागते. स्वतःची तर काय, कोणीही सांगेल.”

इथे एक गोष्ट नोंदवते. आदल्या आठवड्यात याच फ्लॅटमध्ये परीक्षेसाठी आलेली चार मुले राहून गेली होती, असे वॉचमनने मला पाणी देताना आपणहून सांगितले. त्यांची जबाबदारी कोणाची होती, असे मी विचारले. तो बुचकळ्यात पडला. “ते तर पोरं होते, मॅडम.”

कोंडी फोडली ती समोरच्या फ्लॅटमधल्या मंगलाकाकूंनी. जिन्यातला संवाद त्यांनी दारातून ऐकलाच होता. “आबा, किती वेळ बसवून ठेवलंय पोरीला! घेते मी जबाबदारी. चल गं, वर चल.” आबांनी मान डोलावली आणि मी वर गेले. माझे पत्र, पावती आणि वय या तिन्हींनी जे झाले नव्हते, ते माझे नावही ठाऊक नसलेल्या एका बाईच्या एका वाक्याने झाले.

मंगलाकाकूंनी ती जबाबदारी मनापासून पार पाडली. संध्याकाळी ताटात वरण-बट्टी आली. बट्टी म्हणजे जाडसर गव्हाच्या पिठाचे उकडून मग तुपात तळलेले तुकडे. ती कुस्करून तिच्यावर घट्ट वरण घ्यायचे, वर आणखी तूप आणि बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. आम्ही सांगलीकर तिखटाला भितो अशातला भाग नाही; पण त्या भाजीने माझ्या डोळ्यांत पाणी आणले आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. ताटाबरोबर प्रश्नही आले. लग्न का नाही? ठरलेय का? कोणी आहे का? बहिणीचे झाले, मग तुझे का राहिले? उद्या किती वाजता जाणार, कधी येणार, येताना कोण सोडणार?

ताट रिकामे परत करू नये ही रीत आमच्याकडेही आहे. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ शेतातून मिळालेली केळी होती. ती मी ताटात घालून दिली. काकू क्षणभर ताटाकडे पाहत राहिल्या आणि मग जिन्यात ओरडल्या, “आबा, अहो बघा! पुण्याची पोरगी जळगावात केळी वाटतेय!” आबाही हसले, वॉचमनही हसला, मीही हसले. प्रेमळ माणसे होती. पण त्या सगळ्या दिवसांत माझ्या आईच्या गुडघेदुखीपासून बहिणीच्या सासरपर्यंत सर्व काही विचारून झाले. मी तिथे काय काम करायला आले आहे, हे मात्र कोणीही विचारले नाही. पत्र वाचणाऱ्या आबांनीही नाही.

चोपड्याच्या रस्त्याला

तापी ओलांडली की जमीन काळी आणि सपाट होते आणि केळी सुरू होते. उत्तरेला सातपुडा निळसर रेघेसारखा दिसत राहतो. तो जवळ येत नाही आणि नजरेआडही होत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतकी केळी, की आमच्या कृष्णाकाठचा ऊस मला एकदम विरळ वाटू लागला.

सुकलालभाऊंचा मळा मला एका कृषी सहायकाने सुचवला होता. सुकलालभाऊ पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, बोलायला कमी. बांधावर त्यांनी मला हाक मारली तीच कामाची: “मॅडम, आधी इकडून बघा. इकडे जास्त शे.”

त्यांच्या बागेने माझे लक्ष का वेधले ते सोप्या शब्दांत सांगते. बागेच्या एका कडेला शेजाऱ्याचे काकडीचे शेत होते. हा विषाणू काकडीवरही राहतो आणि मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. त्या कडेची केळी आजारी होती, यात आश्चर्य काहीच नव्हते. पण काकडीपासून लांब, बागेच्या ऐन मध्यातही काही झाडे आजारी होती. ती कशाने? मावा तिथवर उडत गेला, की ती रोपे नर्सरीतून येतानाच रोग घेऊन आली? कडेची पाने, मधली पाने आणि काकडीची पाने वेगवेगळी तपासली असती, तर हे कळले असते. सगळी मदार एकाच गोष्टीवर होती: कोणते पान कोठले, हे माहीत असण्यावर. म्हणून प्रत्येक पानाच्या देठाला मी क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि बागेच्या नकाशावर तोच क्रमांक टाकला.

मी येईपर्यंत सुकलालभाऊंनी ती झाडे राखून ठेवली होती, आणि ही लहान गोष्ट नव्हे. रोगट झाड एक दिवस जरी उभे राहिले तरी शेजारच्या झाडांना धोका असतो.

“कृषीवाले सांगी गयात, दिसलं की उपटा,” ते म्हणाले. “तुम्ही फोनवर म्हटल्या थांबा. थांबलो.”

“आता नका थांबू, भाऊ. पाने मला मिळाली. उद्याच उपटा, आणि लांब नेऊन गाडा.”

“उपटतो. पण मले एक सांगा, ताई. पुढच्या लागवडीले रोपं त्याच नर्सरीतून घेऊ का नको? बाकी तुमचं शास्त्र मले समजत नाही. एवढंच सांगा.”

“तेच सांगण्यासाठी ही पाने नेते आहे,” मी म्हणाले. मी त्यांना शब्द दिला.

दुपारी त्यांच्या घरी कळण्याची भाकरी खाल्ली. ज्वारीत उडीद घालून दळलेली ती काळपट, खमंग भाकरी, वर शेंगदाण्याचे कच्चे तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडची पांढरी, पातळ भाकरी तिच्यापुढे फार शहाणपणाने वागणाऱ्या माणसासारखी वाटते. सुकलालभाऊंच्या पत्नींनी विचारले, “सोबत कोन शे?” मी सांगितले, कोणी नाही. त्या म्हणाल्या, “मंग पोटभर जेवी ले.” संपूर्ण प्रवासात त्या प्रश्नाला जोडून आलेले एवढे एकच वाक्य मला आवडले.

धुळे, शनिवार

धुळ्याच्या घरमालकाने मला काहीही विचारले नाही. योगेश नावाचा, तिशीतला, नोकरी करणारा माणूस. फोनवर म्हणाला, “एकट्याच ना? बरं, बरं. चावी कुंडीखाली आहे.” एवढेच. देवपूर भागातली नवी इमारत, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कामाला लागलेला उत्तम फ्रिज. पानांच्या गुंडाळ्या मी खालच्या कप्प्यात नीट रचल्या आणि मनातल्या मनात धुळ्याला जळगावच्या वरचा क्रमांक देऊन टाकला. वैज्ञानिकाने एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

रात्रीच्या जेवणाला शेवभाजी खाण्यासाठी एका भोजनालयात गेले. आत एकेक टेबल अडवून एकेकटे पुरुष निवांत जेवत होते. मला मात्र वाढप्याने पडद्यामागच्या ‘फॅमिली’ विभागात नेले. तिथे माझ्याखेरीज कोणी नव्हते.

“मी बाहेर खिडकीपाशी बसते,” मी म्हणाले.

“तठे जेन्ट्स आहेत, मॅडम.”

“ते एकटे आहेत, मीही एकटी आहे.”

“म्हणूनच तर,” तो म्हणाला आणि पडदा सारला.

शेवभाजी मात्र अप्रतिम होती. काळ्या मसाल्याच्या रश्शात जाड शेव, मऊ पडायच्या आत खायची. मी ती एका रिकाम्या ‘फॅमिली’मध्ये बसून, रागाच्या भरात, भलत्याच वेगाने संपवली.

धुळे, रविवार

रविवारी सकाळी मी शिरपूरकडे गेले. तिकडच्या बागांतली थोडी पाने तुलनेसाठी हवी होती. ती बर्फाच्या डब्यात घालून दुपारी परतले. जिना चढतानाच उदबत्तीचा वास आला. माझ्या दारापुढे चपलांचा ढीग होता. दार उघडे होते.

आधी मी मजला चुकले असे समजून आणखी एक जिना चढले आणि परत उतरले. मजला तोच होता. आत, मी आदल्या दिवशी ज्या बैठकीत नकाशे पसरून बसले होते, तिथे चौरंग होता. चौरंगावर कलश, कलशावर नारळाचा मुखवटा, त्याला डोळे, नथ, गळ्यात दागिने, मागे साडीचे मखर. समोर बायका गाणी म्हणत होत्या, पोरे पळत होती, आणि स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. कानबाई बसली होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी ती बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत तिचे विसर्जन होते, आणि नोकरीनिमित्त दूर गेलेली भावकी त्यासाठी एकत्र येते, हे मला नंतर सांगण्यात आले. त्या क्षणी मला एवढेच कळत होते, की मी भाडे भरलेल्या घरात कमरेइतक्या उंचीचा दिवा तेवतो आहे आणि माझा दोरीवर वाळत घातलेला टॉवेल कोणीतरी घडी करून खुर्चीवर ठेवला आहे.

मखराच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला पाहिले. हे योगेशचे वडील. सगळे त्यांना नाना म्हणत होते. “ये बेटा, ये. हातपाय धोई ले, आईनं दर्शन ले.”

“योगेश कुठे आहेत?”

योगेश स्वयंपाकघरातून आला, कपाळाला कुंकू, हातात परात. “ताई, आलात? आम्ही तुमचं सामान सगळं आतल्या खोलीत ठेवलंय. अगदी व्यवस्थित. जुन्या घरात जागा नाही ना, म्हणून दरवर्षी कानबाई इथंच बसते. कॅलेंडरवर बंद करायचं राहून गेलं माझ्याकडून.”

“मग फोन का नाही केलात?”

“तुम्ही एकट्याच. म्हटलं, एक खोली पुरेल. एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला लागतात?”

या वाक्यावर भांडावे असे मला वाटले, पण त्याआधी मी फ्रिजकडे गेले. फ्रिज धुऊन पुसून लख्ख केलेला होता. आत दुधाची पातेली होती, दही होते, फुले होती. खालच्या कप्प्यात काही नव्हते.

“इथे ओल्या कागदात पाने होती,” मी म्हणाले. “केळीची.”

“हो, हो!” पोळपाटाशी बसलेली चाळिशीतली एक बाई आनंदाने उठली. ही योगेशची मोठी बहीण, उज्ज्वलाअक्का. सणासाठी नाशिकहून माहेरी आलेली. “तुम्ही आणली होती ना? मी म्हटलंच नानांना, किती मोठ्या मनाची आहे पोरगी. आमचं पानांचं राहूनच गेलं होतं, बाजारात चांगली उरली नव्हती. या, दाखवते.”

तिने मला परत बैठकीत आणले. माझी पाने चौरंगावर होती. स्वच्छ धुतलेली, देठ एका दिशेला करून, कलशाखाली एकावर एक पसरलेली. पिवळे पट्टे समईच्या उजेडात सुरेख दिसत होते.

“कसली नक्षी आहे बघा पानावर,” अक्का म्हणाली.

मी चिठ्ठ्या शोधत होते. एकाही देठाला चिठ्ठी नव्हती.

“त्या दोरा बांधलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या?” मी विचारले.

“त्या काढल्या ना. देवीखाली कागद कसा ठेवायचा? आणि ती काकडीची पानं होती, ती सुकायला लागली होती, ती टाकली.”

मी खाली बसले. दर्शनासाठी बसले असे वाटून कोणीतरी माझ्या हातावर तीर्थ दिले.

शांत झाल्यावर मी या घटनेचा विचार केला आहे, आणि मला मान्य करावे लागते की उज्ज्वलाअक्काचा तर्क सदोष नव्हता. श्रावणातली रविवारची सकाळ. फ्रिजमध्ये ओल्या कागदात जपून ठेवलेली केळीची पाने. आज कानबाई. ही पाने एखादी बाई दुसऱ्या कशासाठी ठेवील? उपलब्ध पुराव्यावरून हाच निष्कर्ष निघतो. फक्त पडताळा घ्यायचा राहिला होता, आणि पडताळा म्हणजे मला एक फोन. माझा क्रमांक योगेशजवळ होता. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या सोडवतानाही कोणाच्या मनात आले नाही, की या आकड्यांना काही अर्थ असेल आणि तो अर्थ त्या मुलीला विचारता येईल.

मी त्यांना समजावून सांगितले. पाने रोगट आहेत, अभ्यासासाठी आणलेली आहेत, कोणते पान कोठले हे आता कळू शकत नाही.  सर्वांत आधी बोलले नाना.

“पण पानं तठेच शेत ना, बेटा. जातीन कोठे? उद्या आई गई, की बठ्ठी पानं तुन्ही.”

“नाना, पाने आहेत. ती कोणाची आहेत ते गेले.”

“केळीनी शेत,” नाना समजुतीच्या स्वरात म्हणाले.

मग मी योगेशकडे वळले. आवाज चढवायचा नाही असे ठरवले होते; तो चढला. “मला एकच खरे सांगा. माझ्याबरोबर नवरा असता, तर आज सकाळी तुम्ही कुलूप उघडून आत आला असतात?”

योगेश प्रामाणिक माणूस होता, हे मी त्याच्या बाजूने नमूद करते. त्याने खाली पाहिले आणि विचार करून उत्तर दिले. “नाही, ताई. जोडपं असतं तर आम्ही बेल वाजवली असती. बाहेर गेले असते तर फोन केला असता.”

“पाहुण्यांवर ओरडू नये,” एका आत्याबाईंनी मला ऐकू जाईल असे म्हटले. त्या घरात पाहुणे कोण होते, हे मी त्यांना विचारले नाही.

उज्ज्वलाअक्का मात्र माझ्यामागून आतल्या खोलीत आली. तिचे डोळे भरले होते. “मी विचारायला हवं होतं. चिठ्ठ्या कचऱ्यातून काढून देऊ का? आहेत तिथंच, ओल्या झाल्यात.”

“चिठ्ठी कोणत्या पानाची होती ते सांगाल?”

तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “काहीतरी खाऊन घ्या. देवीच्या नैवेद्याचा रोट देता येणार नाही, तो भावकीतच खातात. पण वेगळं पुरण केलंय. मीही तेच खाणार आहे.”

“तुम्ही का?”

“माझं लग्न झालं ना. मी आता दुसऱ्या कुळाची.” ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. “रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात. एकेकाची सव्वा मूठ. आता पाळण्यातल्या भाच्याची मूठ घातली, तीही मीच घातली. आमच्या घरची रीत आहे.”

सकाळपासून या बाईने रोटाचे पीठ मळले होते, चौरंग मांडला होता, पाने धुतली होती. आमच्याकडे कुळाचाराला माहेरवाशीण पहिली जेवते. इथे देवी बाई, तिला सजवणाऱ्या बाया, तिची गाणी गाणाऱ्या बाया, आणि गहू मोजायचे ते पुरुषांचे. मला वाटले होते की त्या घरात परकी मी एकटीच आहे. मी पुरण खाल्ले नाही. भूक होती, पण तिने पुढे केलेले ताटही मी परत केले, आणि तिच्यापुरते ते चुकलेच.

आता एक काम उरले होते. मी बैठकीत गेले, सुकलालभाऊंना फोन लावला आणि तो नानांच्या हातात दिला. “त्या बागेचा मालक आहे. काय झाले ते त्यांना तुम्ही सांगा.”

नाना जरा गोंधळले, मग फोन कानाला लावून सावरून बसले. “राम राम भाऊ. धुळाथून बोली राहिनू. हा, कानबाई बठेल शे घर. तुमन्हाकडे? बठ्ठी भावकी उनी का? बरं, बरं. तुम्ही कोनता गावना?” गाव कळले. “अरे! मन्ही आत्या तुमन्हाच गावले देल शे!” मग आत्याचे सासर, तिच्या दिरांची नावे, कोण हयात, कोण गेले. नाना हसले, पलीकडून सुकलालभाऊही हसल्याचे ऐकू आले. पानांचा विषय शेवटी आला आणि दोन वाक्यांत आटोपला. “पोरीनी पानं आईना चरणी उनी, भाऊ. आईनी इच्छा. दुसरं काय?” पलीकडून काहीतरी मान्यतेचे बोलणे झाले. नानांनी समाधानाने फोन माझ्याकडे दिला. “काम व्हई गयं, बेटा. भला मानूस शे. काहीच बोलना नही.”

बायकांनी पुढचे गाणे सुरू केले. दोन पुरुषांत प्रकरण मिटले होते, त्यात माझे काम देवीला अर्पण झाले होते, आणि आता मी रागावणे हे निव्वळ दुष्टपणाचे ठरणार होते. मी फोन घेऊन जिन्यात आले.

“भाऊ, झाडे उपटली का?”

“कालदिनच उपटी टाकात बठ्ठा. तुम्ही सांगितलं तसं लांब गाडले.”  मग त्यांचा आवाज खाली आला. “ताई, नाना बोलले ते ठीक शे. देवीपुढे आपण काय बोलणार? पण माझं काय ते... रोपं त्याच नर्सरीतून घेऊ का नको?”

“माहीत नाही, भाऊ,” मी म्हणाले.

ते “बरं” म्हणाले. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

त्याच संध्याकाळी मी शिरपूरची पाने घेऊन धुळ्याहून निघाले. योगेशने स्टँडपर्यंत सोडायची तयारी दाखवली. मी रिक्षा केली. पुढच्या आठवड्यात ॲपवर त्याने माझ्याविषयी अभिप्राय लिहिला: ‘खूप चांगली मुलगी. आमच्या घरच्यासारखी राहिली.’ मी उत्तरात लिहिले, की मी घरच्यासारखी राहण्यासाठी आले नव्हते, भाडेकरूसारखी राहण्यासाठी आले होते. आणि या घरात भाडेकरू असतानाही बेल न वाजवता प्रवेश केला जातो, हे पुढे येणाऱ्या एकट्या बायकांनी लक्षात घ्यावे. आत्याबाईंना तो उद्धटपणा वाटला असेल. मला तो किमान अहवाल वाटतो.

मैत्रिणींनो, जा. तापीकाठची केळी पाहा, कळण्याची भाकरी खा, ‘फॅमिली’ विभागातला पडदा बाजूला सारून खिडकीशी बसा. घर घ्याल तेव्हा एवढे लक्षात ठेवा: बाहेर जाताना आतून कडी लावता येत नाही, म्हणून आपले काम बरोबर घेऊन जा.

सुकलालभाऊंनी नव्या रोपांची मागणी नोंदवली आहे, त्याच नर्सरीकडे. ती जवळ पडते आणि दुसरीविषयी त्यांना काही माहिती नाही. त्यांनी बरोबर केले की चूक, हे मला सांगता येत नाही. सांगता आले असते.